यमकाची काठी

(वाचोपचाराची खोली. टेबलाच्या एका बाजूला उपचार करणाऱ्या मॅडम, दुसऱ्या बाजूला मास्तर आणि त्यांची बायको.)

बायको: पुन्हा तेच! मॅडम, याला बोलणं म्हणत नाहीत, पाढे म्हणणं म्हणतात.

मॅडम: जरा दम धरा, काकू. मास्तर, इकडे बघा. पेल्यामध्ये पाणी, ओठांवर...

मास्तर: गाणी.

मॅडम: शाब्बास!

बायको: शाब्बास कसलं? आता नुसता पेला दाखवा आणि विचारा.

मॅडम: मास्तर, यात काय आहे?

मास्तर: गा... गा... गाणी.

बायको: बघा! काल दुपारी तहान लागली तेव्हाही असंच गाणी, गाणी करत होते. मी वेडी, रेडिओ लावून दिला. रडायला लागले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मॅडम: पक्षाघाताचा झटका येऊन अजून महिना नाही झाला. शब्द आत आहेत, वाट बुजलीय. यमकाची काठी धरून ते चार पावलं टाकतायत. म्हणून तर तुम्हाला ओळी लिहून आणायला सांगितलं. आधी घट्ट यमक, मग सैल, मग अजिबात नाही. आणल्यात?

बायको: या घ्या.

मॅडम: यात तर एकही यमक नाही! गेल्या आठवड्यातही नव्हतं.

बायको: मला जमत नाही.

मॅडम: तुमची चार पुस्तकं आहेत ना कवितांची?

बायको: मुक्तछंदाची! हे वर्गात मुलांना यमकाचे प्रकार शिकवायचे आणि घरी येऊन मला. म्हणायचे, तुझ्या कवितेला दार आहे, पण कडी नाही. कुणीही यावं, कुणीही जावं. मी म्हणायचे, जुळवाजुळव करताना तुम्ही खऱ्याचं खोटं करता. तीस वर्षं यावरून आमचा चहा गार झाला. आणि आता मीच बसून पाणी-गाणी करू?

मॅडम: स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या हट्टापायी त्यांचे आठ दिवस गेले.

बायको: ठाऊक आहे मला! वही घेऊन बसते, एक ओळ जुळवते आणि पान फाडते. माणूस पाण्यावाचून रडतोय आणि मला दोन शब्द जुळवायची लाज वाटते. असली कसली हो बायको मी?

मॅडम: मग आत्ता जुळवा. कशीही चालेल.

बायको: कशीही ना? घ्या. खुर्चीत बसला नवरा, दिसतो किती...

मास्तर: बावरा.

बायको: झालं! जन्माची तपश्चर्या गेली मातीत.

मॅडम: अहो, हसले बघा ते! आता जरा सैल यमकाची एखादी.

बायको: नाही. हेही पुन्हा माझ्याच शब्दाचं शेपूट धरून आलं. त्यांचं काय आहे त्यात? त्यांच्या मनातलं काहीतरी ऐकायचंय मला. शिवी दिली तरी चालेल.

मॅडम: पायऱ्या गाळू नका, ते दमतील.

बायको: दमू देत. मीही दमलेय. अहो, ऐका. तुम्हाला कधीच न आवडलेली ओळ. घरात दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर...

मॅडम: काकू, ते कशाला धरून बोलणार? जुळणारा शब्दच नाही.

बायको: एकीवर मी, दुसरीवर...

मास्तर: भा...

बायको: भा नाही हो, संध्याकाळ. संध्याकाळ! शंभरदा ऐकवलीय तुम्हाला. निदान सं तरी म्हणा!

मास्तर: भा... भां...

मॅडम: ओरडू नका त्यांच्यावर.

मास्तर: भांडण.

बायको: काय म्हणालात?

मास्तर: भांडण.

मॅडम: काकू, हा शब्द तुम्ही दिला नव्हता. मीही नाही. त्यांचा त्यांनी काढलाय.

बायको: एकीवर मी, दुसरीवर भांडण... अहो, पण संध्याकाळ छापून बसलेय मी. पुस्तकात.

मास्तर: खो... खोड.

बायको: खोडते. बोला, आणखी काय काय खोडू?