गळक्या नळाचं घर

देवघेवकर : छे, डोंगरावर नको. तिथं थंडी फार, आणि तुमचे गुडघे आधीच कुरकुरतात.

बाई : खेळात कुणाचे गुडघे दुखत नाहीत, देवघेवकर. नियम तुम्हीच केलाय.

(भर दुपार. सार्वजनिक वाचनालयात पंखे सोडले तर कुणाचा आवाज नाही, आणि तेही पेंगत पेंगत फिरताहेत. देवघेवीच्या खिडकीमागे दोघं बसली आहेत. एक, पुस्तकं देणारा-घेणारा, ज्याचं खरं आडनाव विसरून सगळं गाव त्याला देवघेवकर म्हणतं तो. दुसऱ्या, संदर्भ विभागाच्या बाई. दोघांची पन्नाशी जवळ आलेली, दोघंही बिनलग्नाची. मधल्या टेबलावर ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं मासिक वार्तापत्र उघडं आहे. त्यातल्या रिकाम्या जागा वाचायच्या आणि बसल्या जागी तिथं राहायला जायचं, हा या दोघांचा खेळ. आज बाईंचं लक्ष मात्र सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे जातंय.)

देवघेवकर : बरं, मग पुढचं पान काढा.

बाई : बंदराच्या गावी बालविभागात गोष्टी सांगणारं माणूस हवंय. आवाज खणखणीत असावा, लाटांच्या वरून ऐकू जावा.

देवघेवकर : असं छापलंय?

बाई : खणखणीतपर्यंत त्यांचं. लाटा माझ्या.

देवघेवकर : मग आपण बाद. 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून बसून माझा आवाज पार बसलाय. घरी वहिनी विचारतात, भात वाढू का, तर मी मान हलवतो. दादा म्हणतो, ह्याच्यापेक्षा कपाट बरं, निदान दार वाजतं.

बाई : मग बातम्या ऐका. जुन्या पुस्तकांची डागडुजी शिकवणारा वर्ग निघालाय, राहायची सोय आहे. पुस्तकांच्या फिरत्या गाडीवर काम करणाऱ्यांचा मेळावा झाला. आणि हे बघा, एका वाचनालयानं उशिराचा दंडच बंद केला. तर काय, बुडीत धरलेली पुस्तकं आपल्या पायांनी परत यायला लागली. एका आजोबांनी नेलेलं पुस्तक नातीनं आणून दिलं.

देवघेवकर : दंड बंद? मग लोक माझ्याशी बोलणार कशावरून?

बाई : मी काय दंड भरायला येते तुमच्याकडे?

देवघेवकर : तुमची गोष्ट वेगळी. चला, कुठंतरी जाऊ या. उगाच आळस चढतोय.

बाई : शेवटच्या पानावर एक आहे. तळ्याकाठचं गाव. ग्रंथपाल हवाय आणि एक सहायक. वाचनालयाच्या डोक्यावरच राहायला घर.

देवघेवकर : घर! थांबा, चष्मा काढून ठेवतो, म्हणजे नीट दिसेल. हं. आधी खिडकी. मोठी, आणि सगळं तळं खिडकीत.

बाई : नाही. खिडकी मागच्या गल्लीत उघडते. तळं बघायचं तर गॅलरीत जाऊन जराशी मान वाकडी करावी लागते.

देवघेवकर : हे काय बाई! तळं आपलं, खिडकी आपली, आणि मान कशाला वाकडी?

बाई : तसंच आहे ते. जिना लाकडी. वळणावरची पायरी हलते.

देवघेवकर : हलू दे. त्याची मजाच असते. वरती एक खुर्ची तुमची, एक माझी. तुमची उजेडाकडे.

बाई : गॅलरीत एकच खुर्ची मावते. दुसऱ्यानं उंबऱ्यावर बसायचं. आणि स्वयंपाकघरातला नळ गळतो.

देवघेवकर : काय?

बाई : गळतो. खाली भांडं ठेवलं की आवाज येतो, नाही ठेवलं की ओटा ओला होतो.

देवघेवकर : बाई, आपल्या खेळात नळ गळत नाही.

बाई : हो का?

देवघेवकर : कधीच नाही. मागच्या खेपेला तुम्ही परसात अख्खी नदी आणून ठेवली होतीत. त्याच्या आधी भिंतभर फुलांचा वेल होता, त्याला पाणीही घालावं लागत नव्हतं. तुमच्या घरात आजवर डास आलेला नाही. आणि आज पायरी हलते, नळ गळतो... तुम्ही ते घर पाहून आलात.

बाई : कशावरून?

देवघेवकर : गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून सुट्टी घेतली होतीत.

बाई : डोळ्यांनीच पाहून आले की.

देवघेवकर : म्हणजे अर्ज केलात तुम्ही. खराखुरा.

बाई : केला. आई गेल्यापासून घरात दिवा लावायलाही कंटाळा येतो हो. कुलूप काढायचं, आत जायचं, आणि आतून कुणी 'आलीस का' म्हणत नाही. एका संध्याकाळी हा अंक घरी नेला आणि म्हटलं, बघू या तरी.

देवघेवकर : अच्छा. म्हणून त्या दिवशी अंक जागेवर नव्हता. मी सगळी टेबलं पालथी घातली.

बाई : रागावलात?

देवघेवकर : मी कशाला रागावू? आनंदाची गोष्ट आहे. ग्रंथपाल व्हाल. आता संदर्भ विभागात कुणीतरी कालची पोर येईल, आणि विचारलं की संगणकाकडे बोट दाखवेल. होऊ दे. पेढे... म्हणजे, अभिनंदन.

बाई : असं दगड मारल्यासारखं अभिनंदन करू नका. ऐका तरी, कसं आहे ते.

देवघेवकर : सांगा.

बाई : वाचायची खोली तळ्याला लागून आहे. दुपारी पाण्यावरचं ऊन छतावर जातं आणि तिथं हलत बसतं. वाचणारी माणसं पुस्तक मांडीवर ठेवतात आणि वर बघत राहतात. त्यांना कुणी हटकत नाही. पलीकडच्या काठाची पोरं बोटीनं येतात, पुस्तकं डोक्यावर धरून उतरतात. मी विचारलं, परत कधी करायचं, तारीख कुठं टाकता? तर तिथले लोक म्हणाले, तारीख कसली, बोट येईल तेव्हा.

देवघेवकर : तारखेचा शिक्काच नाही?

बाई : आहे, पण त्याची शाई केव्हाच वाळून गेलीय. कुणाला गरज पडली नाही. मग तिथल्या अध्यक्षबाई मला वर घर दाखवायला घेऊन गेल्या. गॅलरीची किल्ली खाली विसरली म्हणून त्या परत उतरल्या, मी भिंतीला टेकून बसले, आणि काय झालं कळलंच नाही, डोळा लागला. परक्या घरात, बसल्या बसल्या.

देवघेवकर : तुम्हाला? तुम्हाला तर दुपारी झोप येत नाही.

बाई : आली. आणि झोपेत मला वाटलं, मी इथंच, आपल्या वाचनालयात आहे आणि तुम्ही मागं बसून पुस्तकांवर शिक्के मारताय. ठप. मग जरा वेळानं ठप. अगदी सावकाश, तुम्ही उगाच घाई न करता मारता तसे. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आहेत. आहेत इथंच. जाग आली तर तो नळ होता. मला रडूच आलं हो. वेड्यासारखी त्या नळाकडे बघत बसले. तेवढ्यात अध्यक्षबाई वर आल्या. म्हणाल्या, एकट्याच आहात का तुम्ही? जागा दोन आहेत आणि घर एक, म्हणून आम्हाला जोडपं हवंय, दोघंही वाचनालयात काम केलेली. आधीची दोघं तशीच होती. आणि मी... माझ्या तोंडून निघून गेलं.

देवघेवकर : काय निघून गेलं?

बाई : म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.

देवघेवकर : कुणाला?

बाई : ह्यांना.

देवघेवकर : हे कोण?

बाई : देवघेवकर, अख्खा जन्म संदर्भ विभागात गेला माझा. संदर्भ लावून घ्या.

देवघेवकर : मला?!

एक वाचक : अहो, जरा हळू. पाटी तुमच्याच डोक्यावर आहे.

देवघेवकर : माफ करा. चुकलं. ...बाई, मला?

बाई : आता सारखं त्या अंकाच्या मागून डोकावू नका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

देवघेवकर : पण हे खोटं सांगितलंत तुम्ही त्यांना.

बाई : 'ह्यांना' खोटं होतं. 'विचारून सांगते' खरं होतं. विचारतेय की आता. आठवडाभर विचारायचंच म्हणून सकाळी घरून निघते, आणि इथं येऊन तुम्हाला टाचण्या मागते.

देवघेवकर : तरीच. माझ्याकडच्या टाचण्या संपल्या.

बाई : आज दुपारीच त्यांचा फोन येणार आहे, इथंच, या फोनवर. आज नक्की नाही केलं तर दुसरं एक जोडपं तयार आहे.

देवघेवकर : आणि मी नाही म्हटलं तर?

बाई : तर सांगेन त्यांना, ह्यांना जमत नाही. तेवढं एक वाक्य बायको म्हणून बोलून घेईन आणि फोन ठेवीन. उद्यापासून संदर्भ विभाग आहेच. पण खेळ बंद.

देवघेवकर : खेळ का बंद?

बाई : एकदा खऱ्या घरात झोप लागल्यावर आता बिनडासांच्या घरात मन रमायचं नाही. तुम्ही मला किती घरं दिलीत, देवघेवकर! बंदरावर दिलंत, रानात दिलंत, घंटाघराच्या खाली दिलंत. किल्ली एकाचीही दिली नाहीत.

देवघेवकर : मी भित्रा आहे हो.

बाई : ठाऊक आहे मला.

देवघेवकर : खेळात सामान बांधावं लागत नाही. कुणाचा निरोप घ्यावा लागत नाही. दादाच्या घरात मधल्या खोलीत माझी कॉट, वर दोरीवर पुतणीचे कपडे. रात्री ओली ओढणी तोंडावर पडते, मी ती वाळत घालतो आणि परत झोपतो. मला वाटायचं, चाललंय ना. महिन्याला एक घर मिळतंय, आपल्यासारख्याला खूप झालं. तुम्हाला माहितेय, अंक यायला उशीर झाला की मी टपालवाल्याशी भांडायचो?

बाई : तुम्ही? भांडायचात? टपालवाल्याला ऐकू कसं आलं?

देवघेवकर : चेष्टा करू नका. आणि घरांसाठी नव्हतो भांडत मी. मला ह्या जन्मात कुठल्या नोकरीला जायचंय! अंक आला की तुम्ही आपली खुर्ची उचलून इकडे आणायचात. खुर्ची आपटू नये म्हणून पायानं सरकवत, चोरासारख्या. तेवढ्यासाठी.

बाई : मग इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप होतं?

देवघेवकर : सांगितलं की, भित्रा आहे. तुम्ही नाही म्हणाला असतात तर खुर्चीही आली नसती.

बाई : मी काय म्हणाले असते, ते मला एकदा विचारायचं तरी होतं.

देवघेवकर : ...बाई, ती पायरी. हलते म्हणालात ती.

बाई : तिचं काय?

देवघेवकर : वळणावर वरच्या अंगाला आहे की खालच्या? सकाळी लवकर खाली येऊन दार उघडायचं म्हणजे अंधार असणार. पाय कुठं टाकायचा ते आधी ठरवायला हवं.

बाई : खालच्या अंगाला.

देवघेवकर : मग कठड्याला धरून उतरता येईल. आणि गॅलरीत खुर्चीवर तुम्ही बसा, मला उंबरा चालतो. पाठ टेकायला चौकट असते.

बाई : देवघेवकर, हा खेळ नाहीय.

देवघेवकर : नाहीच. खेळात मी उंबऱ्यावर कशाला बसलो असतो?

बाई : फोन वाजतोय. अहो, फोन वाजतोय. त्यांचाच असणार. मी घेते, थांबा.

देवघेवकर : बसा तुम्ही. ...हॅलो. वाचनालय. ...हो, आहेत ना, इथंच आहेत. ...मी? मी त्यांचे हे. ...हो, विचारलं मला त्यांनी. ...नाही, माझी हरकत कसली? देवघेव, बांधणी, सगळं करतो मी. आवाज तेवढा बारीक आहे. ...काय म्हणता? ...बरं. ...बरं. सांगतो. नमस्कार.

बाई : काय म्हणाल्या?

देवघेवकर : पुढल्या महिन्यात या म्हणाल्या. सामान बेताचं आणा, जिना अरुंद आहे.

बाई : आणखी?

देवघेवकर : लग्नाला किती वर्षं झाली, विचारत होत्या.

बाई : अगं बाई! मग?

देवघेवकर : म्हटलं, मोजली नाहीत.

बाई : तिकडे पोचायच्या आत ते खरं करावं लागेल हं. मला कुणाला खोटं सांगून राहायचं नाहीय त्या घरात.

देवघेवकर : उद्याच नोंदणी कचेरीत जाऊन विचारतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो असं सांगून.

बाई : हसवू नका, तो वाचक परत बघतोय. आणि तुम्ही पुन्हा फोन कशाला उचललात?

देवघेवकर : एक मिनिट. घरी सांगायला हवं. ...हॅलो, वहिनी? मी बोलतोय. ...नाही, काही झालं नाही, आवाज असाच येतोय आज. वहिनी, रात्री एक पान जास्तीचं मांडाल का? ...नाही हो, वेगळं काही करू नका. पाहुणं नाहीय कुणी.