नदीकडची बाजू

(चेन्नई, जॉर्ज टाउन. सोने गाळण्याच्या दुकानावरची राहती खोली. रविवारची दुपार.)

काशिनाथ : ...आणि त्याखाली दुसरी ओळ अशी : ‘चेन्नईनिवासी सुपुत्रांकडून मातृभूमीच्या चरणी सविनय समर्पित.’ आता मला सांग, ‘चरणी’ ठेवावे की ‘चरणकमली’? कमानीवर अक्षरे कोरणारा मनुष्य सकाळपासून खोळंबला आहे.

देविका : अप्पा, मी काय बोलतेय आणि तुम्ही काय विचारताय!

काशिनाथ : तुझे बोलणे मी ऐकले. तू लांबचा प्रवास करून आली आहेस. प्रथम स्नान कर. तुझी आई देवळातून आली की आपण भोजनास बसू.

देविका : मला नाही जेवायचं. उद्या सकाळी ते मिक्सर चालू करणार आहेत. मी डोळ्यांनी बघून आले. पुलाच्या खाली उभा आहे, बाजूला खडीचा एवढा ढीग, सळया. तुम्ही आज फोन केला नाही तर उद्या सगळं संपलं.

काशिनाथ : संपले कसे? आरंभ होणार आहे. नदीपासून भैरोबाच्या माथ्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या, दोहो बाजूंस कठडे आणि पायथ्याशी भव्य कमान. चेन्नईत सोने गाळणाऱ्या चिंचघाटच्या प्रत्येक कुटुंबाने यासाठी वर्गणी दिली आहे. असे कार्य आपल्या गावात यापूर्वी झालेले नाही.

देविका : त्या वाटेवर आम्ही पळतो, अप्पा.

काशिनाथ : धावण्यासाठी तुला येथे समुद्रकिनारा आहे. पहाटे अर्धे शहर तेथे धावते.

देविका : किनारा सपाट आहे. कुठूनही सुरू करा, तेच. डावीकडे गाड्या, उजवीकडे वाळू. तिथे मी घड्याळाकडे बघून पळते. चिंचघाटला घड्याळ बघायला सुचतच नाही. नदी सोडली की मुरमाची चढण, मग बाभळी, मग माथ्यावरून मेंढ्यांची ती बारीक वाट, पलीकडे उतरलं की ओढा, आणि ओढ्याच्या काठाने परत नदी. प्रत्येक ठिकाणी पाय वेगळा टाकावा लागतो. आमच्या ग्रुपमधला मुरली एकदा आला होता माझ्याबरोबर. म्हणाला, इतकी वर्षं मी पळत नव्हतो, नुसता घामेजत होतो.

काशिनाथ : म्हणजे तुझ्या आणि मुरलीच्या विरंगुळ्यासाठी मी सार्वजनिक कार्य थांबवावे? चेन्नईच्या मंडळाच्या अध्यक्षाने आपल्या कन्येच्या छंदापायी देवाची वाट अडवली, असे लोक म्हणतील.

देविका : येरझाऱ्या घालू नका हो. बसा ना.

काशिनाथ : तूही उभीच आहेस.

देविका : मी बसू शकत नाही. आणि हे माझ्यासाठी नाही सांगत. मी वर्षातून तीनदा जाते. ऋजुता रोज पळते.

काशिनाथ : कोण? आपल्या वसंताची ऋजुता?

देविका : तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती आणि गावातल्या अजून सात-आठ जणी. पोलीस भरतीची तयारी करतायत. पहाटे उठून त्याच वाटेने वर जातात, खाली येतात. शाळेच्या मैदानात पाण्याच्या टाकीचं काम काढलंय, तिथे जागा नाही. ही वाट म्हणजे त्यांचं मैदान.

काशिनाथ : वसंताने मला यातले काही कळवले नाही.

देविका : तुम्हाला गावात कोण काय कळवतं, अप्पा?

काशिनाथ : असे बोलू नकोस. मी ग्रामसभेत उपस्थित होतो. ठराव वाचून दाखवला. कोणाचा आक्षेप आहे काय, असे दोन वेळा विचारले. एकही हात वर झाला नाही.

देविका : तुम्ही फेटा बांधून स्टेजवर बसला होता. गळ्यात हार. त्याच्या जरा आधीच तुम्ही शाळेला पंखे दिले होते. त्या माणसापुढे कोण हात वर करणार? मद्रासवाले काही द्यायला आले की गावात फक्त ‘व्हय’ म्हणतात. सरपंचसुद्धा. पाहुणे नाराज व्हायला नकोत म्हणून.

काशिनाथ : मी पाहुणा नाही. मी त्या गावचा आहे.

देविका : सरी, ठीक आहे. मग गाववाल्यासारखं भांडा तरी त्यांच्याशी. त्यांना तुमच्याशी भांडू द्या.

काशिनाथ : ऐक. तुला वाटते, मी प्रतिष्ठेसाठी हे करतो. माझ्या आईला शेवटची दोन वर्षे भैरोबाचे दर्शन घडले नाही. गुडघे चालत नव्हते. ती अंगणातून डोंगराकडे हात जोडायची. मी येथे भट्टीपुढे बसून एवढेच म्हणालो, की पायऱ्या असत्या, धरायला कठडा असता, तर ती बसत-उठत का होईना, वर गेली असती. अशा अनेक वृद्धा आजही आहेत. त्यांचा विचार तुझ्या धावण्यात कोठे बसतो?

देविका : बसतो. मला पण आठवते आजी. म्हणून विचारते. आजी कुठल्या बाजूने चढायची?

काशिनाथ : म्हणजे?

देविका : डोंगराला दोन वाटा आहेत ना. एक नदीकडून, लांबची. एक गावाकडून, मारुतीच्या पारापासून, आखूड. आजी कुठून जायची?

काशिनाथ : ...गावाकडून.

देविका : आणि बाकीच्या म्हाताऱ्या?

काशिनाथ : सर्वच गावाकडून जातात. नदीकडून जायचे तर आधी दीड कोस वळसा पडतो.

देविका : मग पायऱ्या नदीकडून का, अप्पा?

काशिनाथ : पंखा मोठा कर. उकडते आहे.

देविका : मोठाच आहे.

काशिनाथ : मंडळाच्या बैठकीत नकाशा मांडला होता. सर्वांनी विचारपूर्वक निर्णय घेतला.

देविका : मंडळाची बैठक याच खोलीत झाली. मी चहा आणून दिला. तुम्ही म्हणालात, नदीकडून करू. सगळे ‘वा वा’ म्हणाले. का ते कोणी विचारलं नाही. मी विचारतेय.

काशिनाथ : पुलावरून एस.टी. येते, तेव्हा खिडकीतून प्रथम ती बाजू दिसते.

देविका : एवढंच?

काशिनाथ : तुला एवढेच वाटते. सातवीचे वर्ष चालू असताना मामांनी मला मद्रासला आणले. त्या वेळी आमचे घर डोंगराच्या माथ्यावर, धनगरांच्या वस्तीशेजारी होते. मी त्याच वाटेने पुलापर्यंत उतरलो. उतरलो कसला, पळतच गेलो, कारण गाडी चुकली असती तर मामा मला सोडून गेले असते. गाडीत बसल्यावर मी खिडकीतून मागे पाहिले. ओसाड डोंगर, आणि वाटेवर कोणीही नाही. आई इतक्या लांबवर आली नव्हती. त्यानंतर मी येथे भाता ओढला, तेजाब हुंगले, सोने शुद्ध करण्याची विद्या शिकलो, दुकान केले. माझ्यापाशी शाळेचा दाखला नाही, पदवी नाही. मनात इतकेच होते, की पुढे एखाद्या पोराने त्या खिडकीतून पाहिले, तर त्याला डोंगरावर काहीतरी उभे असलेले दिसावे.

देविका : हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

काशिनाथ : सांगण्यासारखे त्यात काही नाही.

देविका : अप्पा, खडी पडायच्या आधी पहाटेच्या गाडीतून कोणी बघितलं असतं, तर वाटेवर आठ मुली पळताना दिसल्या असत्या.

काशिनाथ : तू वकील व्हायला हवी होतीस. संगणकात फुकट गेलीस.

देविका : मी ऋजुताला फोन लावते. तिच्याकडूनच ऐका. स्पीकरवर टाकते.

काशिनाथ : नको. उगाच मुलीला संकोच होईल.

देविका : लागला. ऋजू?

ऋजुता : पोचलीस व्हय गं ताई? मिरजंत गाडी सापडली न्हवं येळंवर?

देविका : सापडली. ऋजू, ऐक, उद्यापासून तुम्ही कुठे पळणार?

ऋजुता : कुटं पळणार, मोठ्या काकांच्या डोक्यावर? आज पोरी काय म्हणल्या ठावं हाय का? म्हणं, भरतीत पायऱ्या मोजायची परीक्षा ठेवा, चिंचघाटची समदी पोरं पास. आमच्यातल्या सुनीची आय तर लईच पेटलीया. मद्रासवालं वरसातनं एकदा येत्यात, फोटू काढत्यात आन् आपल्या उरावर सिमीट वतून जात्यात.

देविका : ऋजू, थांब जरा...

ऋजुता : आन् कमान कशापायी वं? मेंढरं काय वाजतगाजत जाणार हायती खालनं?

काशिनाथ : ऋजुता.

ऋजुता : ...कोण बोलतंय?

काशिनाथ : मी तुझा मोठा काका.

ऋजुता : आगं बाई! नमस्कार काका. बरं हाय का? काकू बऱ्या हायत्या का?

काशिनाथ : सर्व कुशल आहे. मेंढरांविषयी तू काही म्हणत होतीस.

ऋजुता : कुटं काय. ती... त्या पल्याडच्या गावची मेंढरं. तिकडं कायतरी कमान हुतीया.

काशिनाथ : भिऊ नकोस. पायऱ्यांविषयी तुझे जे मत असेल ते निःसंकोचपणे सांग.

ऋजुता : चांगल्याच हुतील की काका. तुमी करताय म्हंजी इचार करूनच करताय. आमास्नी काय कळतंय.

देविका : ऋजू, मला जे सांगितलंस ते सांग ना!

ऋजुता : ताई, गप की तू. काका, खरंच चांगल्या हुतील. देवाचं काम हाय.

काशिनाथ : बरे. मग उद्या पहाटे तुम्ही मुली कोठे धावणार?

ऋजुता : रस्त्यानं.

काशिनाथ : डांबरी रस्त्याने? सध्या उसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतील.

ऋजुता : कडंनं पळतुया काका. खडी टाकल्यापासनं तसंच चाललंय. ट्रॅक्टर आला की चरीत उतरायचं. सवय झालीया आता.

काशिनाथ : अंधारात चर दिसते?

ऋजुता : दिसती की. शाळंच्या बाईंनी पाठीला लावाया चमकणारी पट्टी दिलीया. परवा सुनीला ट्रॉलीतला ऊस घासला, पर लई न्हाई लागलं. खांदा तेवढा सुजलाय. हात वर हुतोय तिचा.

काशिनाथ : कोणाला सांगितलेत?

ऋजुता : न्हाई. घरी कळलं तर पळणंच बंद करत्यात. काका, तुमीबी माझ्या वडलास्नी सांगू नगासा. पाया पडते. मी उगंच बोलून बसले.

काशिनाथ : वसंता घरात आहे काय?

ऋजुता : हायती, पर काका, नगासा सांगू...

काशिनाथ : ते मी सांगणार नाही. दुसरे सांगायचे आहे, ते तूच त्याला सांग. उद्याचा नारळ नदीवर फोडायचा नाही. मारुतीच्या पारापाशी फोडायचा. मिक्सर आणि खडी तिकडे हलवा. पायऱ्या गावाकडून होतील. ठेकेदाराशी मी स्वतः बोलतो.

ऋजुता : तिकडनं? आन् कमान, काका? तिकडं पुलावरनं कायबी दिसत न्हाई. मधी समदी चिंचंची झाडं हायती.

काशिनाथ : कमान करायची नाही. तिच्या सिमेंटमध्ये कठडा पुरता वर न्यावा. म्हातारी माणसे माथ्यावर आल्यावरच धाप लागून डगमगतात.

देविका : अप्पा! आणि मंडळ?

काशिनाथ : मंडळाचे लोक संध्याकाळी पेढे घेऊन येणार आहेत. त्यांची नावे कोरून येणार, असे मी प्रत्येकाच्या दुकानात जाऊन सांगितले आहे. ते माझे तोंड पाहणार नाहीत कदाचित. त्यांना काय सांगावे हे मला अद्याप सुचलेले नाही.

देविका : मी थांबते तुमच्याबरोबर.

काशिनाथ : थांब. परंतु तू बोलू नकोस. तू बोललीस की मनुष्य चिडतो.

ऋजुता : काका, हायसा का लाइनीवर? आवाज चिरकतुया.

काशिनाथ : आहे. बोल.

ऋजुता : मग उंद्या पोरीस्नी काय सांगू? खडी तर अजून हितंच पडलीया, वाटंवर.

काशिनाथ : सांग त्यास्नी, ढिगाच्या डाव्या अंगानं वर घ्या. आन् पिंपरणीखालचा दगुड पहाटंचा लई निसरडा असतुया. तिथं जपून पळा.