मणीचं वजन

कॉफी निवते आहे आणि तुम्हाला तोच किस्सा पाहिजे. बरं, ऐका.

आमच्या मणी कुत्र्याला जंताची गोळी द्यायची होती. दहा किलोला एक, असा हिशेब. मेहुण्यानं मणीला माझ्या कडेवर देऊन मला तांदळाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो भरले.

मी म्हटलं, "आता मला एकट्याला तोल."

"कशाला, भावोजी? दवाखान्याच्या चिठ्ठीत तुमचं वजन साठ लिहिलंय. म्हणजे मणी अठरा किलो. द्या दोन गोळ्या."

"अरे, ती चिठ्ठी कधीची! आणि काखेत मावणारं कुत्रं अठरा किलो कसं भरेल?"

"तिसरीत शाळा सोडलेल्यानं मला वजाबाकी शिकवू नये!"

मी गोळ्या कमरेच्या वेष्टीत खोचल्या आणि मणीला घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टराकडं गेलो. तिथल्या काट्यावर मणी भरला आठ किलो. मी मेहुण्याचा अठरा किलोंचा हिशेब सांगितला.

आमच्याकडं आजोबाला तात्ता म्हणतात; डॉक्टर म्हणाला, "तात्ता, याला एक गोळीसुद्धा पुरती द्यायची नाही. पण वरचे दहा किलो गेले कुठं?"

मी पोटावर हात ठेवला. "इथं."

मणी आता ठणठणीत आहे. माझं पोटही जागेवर आहे. माफी तेवढी यायची राहिली, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या मेहुण्याची, वेंकोबारावाची.