पिशव्यांची गाय

...नाही, पण मी म्हणतो, पाटी लावली होती ना? हातभर अक्षरं! 'प्लास्टिक फेकू नका, गाय खाते आणि मरते.' आयुष्यभर या केनवड गावात पाट्याच रंगवल्या मी, माझं अक्षर वाचता येत नाही असं कोणी म्हणायचं नाही... आता यात माझं काय चुकलं, सांगा!

तुम्हाला सांगतो, बायको गेली मागच्या वर्षी. वैजयंती. तिची सवय अशी, की घरात आलेली प्रत्येक पिशवी धुवायची, दोरीवर वाळत घालायची, घडी करून पेटीत ठेवायची. 'उकिरड्यावर टाकली तं गाय खाईन,' म्हणायची. ती गेली, पेट्या राहिल्या. तीन, गच्च! टाकवेनात. मग तारेचा सांगाडा केला, त्यावर तिच्या पिशव्या विणल्या आणि केली गाय उभी बसस्टँडवर, गळ्यात ती पाटी. म्हटलं, तिचं म्हणणं निदान गाव तरी ऐकेल...

ऐकलं ना! मनकर्णाबाईची म्हैस हरवली. आपल्याकडे बाभळीला चिंधी बांधून नवस बोलतात, पण बाभूळ पडली लांब, म्हणून बाईंनी हातातली पिशवी माझ्या गायीच्या शिंगाला बांधली! आणि म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी! अहो, म्हशी संध्याकाळी घरीच येतात! पण नाही... 'पावली वं माय, पावली!' पुढच्या शुक्रवारी दहा पिशव्या, त्याच्या पुढच्या शुक्रवारी रिसोडहून जीप भरून माणसं! घरात जुनी पिशवी नाही? मग नवी कोरी! दुकानदार भिवाजी मलाच समजावतो, "पेंटरभाऊ, लाल लेकराच्या दुखन्याले, पिवळी लग्नाले, नोकरीसाठी निळी नेऊन राह्यले लोक." यात माझं काय चुकलं, सांगा!

सरपंच उकंडरावांकडे गेलो. म्हटलं, काढून टाकतो ती गाय. "काहून काढता भाऊ? देवीले हात लावसान तं गाव सोडन काय तुमाले?" अहो देवी कसली, कचरा आहे तो! तर हळूच म्हणतात, "असं बोलू नका. वैनीच्या हातच्या पिशव्या हायेत ना आत." ...आलो तसाच परत.

आणि परवा? एक खरी गाय येऊन मागून शेपटी चघळतेय, आणि लोक हात जोडून उभे! "परसाद घेऊन राह्यली माय!" मी धावत जाऊन तिच्या तोंडातून पिशवी ओढली, तर शिव्या मलाच!

काल जवळ जाऊन बघितलं. वैजयंतीची एकही पिशवी दिसत नाही हो... वर एवढे थर. शेवटी भिवाजीकडून एक पिशवी घेतली, रांगेत उभा राहिलो, बांधली, डोळे मिटले. म्हटलं, माय, गावातल्या या पिशव्या बंद होऊ दे.

मागून मनकर्णाबाई म्हणाल्या, "एवढा मोठा नवस अन् एकच पिशवी, भाऊ? पाच तरी बांधा!"

...बांधल्या.