मागे न घेतलेली तक्रार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या नर्सिंग कॉलेजच्या माननीय प्राचार्या मॅडम. व्यासपीठावरचे वैद्यकीय अधीक्षक साहेब. आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या ट्यूटर बाई, त्यांचे यजमान आणि लेक. सभागृहातले डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा आणि मावशी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची सिस्टर. मी बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या वॉर्डातल्या मामांनी सकाळी मला विचारलं, "सिस्टर, तुमचं तर बाईंशी कधी पटलंच नाही, मग तुम्हाला कशाला बोलावलं?" प्रश्न रास्त आहे. आमचा वीस वर्षं छत्तीसचा आकडा. संयोजकांना वाटलं असेल, कौतुक करणाऱ्या पुष्कळ आहेत, एखादी भांडणारीही असू द्या. पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेईन.

भांडण कशाचं, ते सांगते. बाईंची एक पद्धत होती, नव्हे, आजही आहे. वॉर्डात आलेल्या प्रत्येक मुलीने सोमवारी आपण रोज करतो अशी एक गोष्ट निवडायची आणि वहीत लिहायचं, हे आपण का करतो? शनिवारपर्यंत उत्तर आणायचं. त्याबद्दल अभ्यास काय सांगतो, तो या पेशंटला लागू पडतो का, आणि पेशंटला स्वतःला काय हवंय. तिन्ही लिहायचं. दोनच लिहिलं तर वही परत. आता तुम्हीच सांगा, चाळीस खाटा, दोन सिस्टर, आणि या पोरी बेडपॅन हातात धरून विचारात पडलेल्या! माझ्या नाकावर राग कायमचाच. मी बाईंना तोंडावर म्हटलं, "वर्गात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?" त्या म्हणाल्या, "बरं, उद्यापासून सकाळी मी वॉर्डात असते." आणि खरंच आल्या. सात वाजता, सपाट चपला घालून. तेव्हापासून काल सकाळपर्यंत येतच होत्या. बोलून पस्तावले मी.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वॉर्डात एक टेलर मास्तर दाखल झाले. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली, साखर वाढलेली, हृदय इतकं अशक्त की आडवं केलं की दम लागायचा. असा पेशंट, ज्याच्या एकाच फाइलमध्ये तीन डॉक्टर तीन सूचना लिहितात आणि त्यांचा मेळ नर्सने घालायचा. बाईंनी तो तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे दिला. ती फार प्रश्न विचारायची, म्हणून मी तिला वकीलबाई म्हणायचे. पुढे सगळेच म्हणायला लागले.

ज्यांनी माझ्या हाताखाली काम केलंय त्यांना माझ्या वॉर्डातलं पाठ चोळणं माहीत आहे. स्पिरिट आणि पावडर, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक पेशंट. माझ्या वेळच्या वॉर्ड सिस्टरने मला शिकवलं, मी पुढे शेकडो जणींना शिकवलं. अभिमान होता मला त्याचा, का खोटं बोलू? त्या दिवशी मास्तरांची पाठ कमरेच्या खाली लाल दिसली. मी म्हटलं, "जोरात चोळ, रक्त फिरू दे."

ती म्हणाली, "सिस्टर, लाल झालेल्या जागी चोळू नये. आतून आणखी दुखावतं. जागेवरचा भार काढायला हवा. त्यांना आडवं करता येत नाही, म्हणून डोकं उंच ठेवून थोडं थोडं कलवावं लागेल. मी वेळांचा तक्ता केलाय." मग म्हणाली, "आणि चोळायला लागलं की ते हात ढकलतात. त्यांना नकोय ते."

मी सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून पाठी चोळतेय मी." बाटली घेतली आणि स्वतः चोळायला बसले. मास्तर चांगल्या हाताने, डाव्या हाताने, मला ढकलत होते. मला वाटलं, तापट माणूस आहे. त्यांच्या बायकोने तो हात धरून ठेवला. म्हणाल्या, "अहो, करू द्या ना सिस्टरना. त्यांना कळतं सगळं." ड्यूटी संपवून घरी जाण्याआधी मी लेखी तक्रार दिली. आज्ञाभंग.

चौथ्या दिवशी कातडी फाटली. जखम भरायला सात आठवडे लागले. जखम माझ्या चोळण्यानेच झाली, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. इतक्या आजारी माणसाला ती एरवीही झाली असती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मास्तर घरी गेले त्या दिवशी त्यांच्या बायकोने माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज स्वतः चोळायचात हो, घरचं माणूसही इतकं करत नाही."

बाई माझ्याकडे आल्या होत्या, जखम झाली त्याच आठवड्यात. मला वाटलं, आता ऐकवतील. हातात पाठ चोळण्यावरच्या अभ्यासांचे कागद होते, ते टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "सिस्टर, मीसुद्धा पंधरा वर्षं हेच चोळणं शिकवलं. चुकीचं शिकवलं. ज्या ज्या बॅचला शिकवलं त्यांना पत्रं पाठवतेय." किती ट्यूटर असं पत्र पाठवतील? मग म्हणाल्या, "तुमची तक्रार राहिली तर पोरीचे सहा महिने जातील. मागे घ्याल का?"

मी म्हटलं, "लेखी दिलंय."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कागद मात्र ठेवून गेल्या. मी ते वाचले, दार लावून वाचले. पुढच्या महिन्यात माझ्या वॉर्डातलं चोळणं बंद झालं. कुणी विचारलं तर मी सांगायचे, स्पिरिट संपलंय. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. चूक सुधारली, पण कबूल केली नाही. आणि ज्या पोरीने ती दाखवली तिच्या बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या, ती सहा महिने मागे राहिली. घरच्यांना काय सांगितलं असेल तिने, मी कधी विचारलं नाही. आज ती डायलिसिसची सिस्टर आहे. इथेच बसली आहे, पाचव्या रांगेत. अकरा वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. समोर आली की मान लववून नमस्कार करते. तिने एकदा भांडायला हवं होतं माझ्याशी, मला सोपं गेलं असतं.

बाईंच्या गुणांवर इतर वक्ते बोलले, आणखीही बोलतील. मला एवढंच सांगायचं आहे की पेशंट कितीही गुंतागुंतीचा असो, त्याच्या खाटेशी उभं राहून "माझं चुकलं का?" असं विचारायला या बाईंनी शिकवलं. विद्यार्थिनी लवकर शिकल्या. मी उशिरा शिकले.

आज सकाळी मी प्राचार्या मॅडमना एक पत्र दिलं. तक्रार चुकीची होती, मुलीचं बरोबर होतं, असं त्यात सहीनिशी लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, आता याचा काय उपयोग? तिचे महिने थोडेच परत येणार?" नाही येणार. तरी ते तिच्या फाइलला लावावं, अशी मी इथे सर्वांसमक्ष विनंती करते.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार. बाई, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं.

वकीलबाई, तू मात्र घालायलाच हवं असं काही नाही.