पागोटं उतरवलेला देश

दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत मैत्रेयी मोबाईलवर बातम्या ऐकत बसली होती. मागच्या सीटवरून तांड्याचे नायक हिरासिंग आणि त्यांची बायको सोनीबाई यांनीही कान लावले होते.

"काय म्हंते ते बातमीवाली?" सोनीबाईनं नवऱ्याला विचारलं.

"लढाईत फौज कशी वागली म्हून दुनियेच्या कोर्टानं एका देशाले जाब इचारला."

"अख्ख्या देशाले?"

"अख्ख्या."

"पण तिकडं तर समझोता चालू हाय म्हंते."

"चालू हाय, तरी इचारला."

"देशाले धरून आणाले पोलीस हायेत का त्या कोर्टापाशी?"

"एक बी नाही."

"मंग तो देश कोर्टात आला काहून?"

"नाव पुकारलं म्हून. आपल्या तांड्याच्या नसाबीत, न्यायाले बसल्यावर, पंचायनं नाव पुकारलं का माणूस पागोटं उतरवून खाली ठेवते ना, तसंच. एवढा रणगाड्यावाला देश, सोने, अन् पागोटं उतरवून उभा राह्यला. माह्या तर अंगावर काटा आला."

"आज पलीकडच्या तांड्यासंग समझोत्याचं जेवण हाय."

"हाय ना."

"आपल्या पोरानं, भारतनं, त्यायच्या जावयाचा हात मोडला. त्याचं नाव पुकारसान?"

"आज नको. गोडीगुलाबीनं जेवू दे सगळ्यायले."

"तिकडं बी समझोता चालूच होता म्हनले तुमी."

जीप सुटली. आर्णीचा फाटा आला. मग मैत्रेयीला हिरासिंगांचा आवाज आला.

"हे धर."

"पागोटं कायले देता?"

"पोराचं नाव नायक म्हून मलेच पुकारा लागते. तवा बापाच्या डोक्यावर हे नको."