राणीचा टपालखर्च

दादा : …आणि खाली लिही, ‘टपालखर्च परत मिळणार नाही’ ही तुमची अट आम्हाला मान्य नाही.

धाकटी : फोन तुझ्या हातात आहे, दादा. मी कुठे लिहू?

दादा : बरं, मीच लिहितो. तू नुसती ऐक. राणी माशी चारशेची आणि तिचं टपाल नऊशे. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. वर कोंबडी मेलेली आली. आणि हा राणीवाला म्हणतो, माशीचे चारशे देतो, टपालाचे विसरा.

धाकटी : तू कापडाच्या गल्ल्यावर तीस वर्षं बसलास. फाटकं कापड परत घेऊन आलेल्या माणसाला कधी रिक्षाचं भाडं दिलंस?

दादा : तो विषय वेगळा.

धाकटी : वेगळा कसा?

दादा : तेव्हा मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला होतो. हा फोटो बघ. डबीच्या जाळीतून राणी नि सोबतच्या माश्या, सगळ्या स्पष्ट दिसतायत ना, आडव्या पडलेल्या?

धाकटी : मला नको दाखवूस. सकाळी पाकीट उघडल्यापासून तेच बघतेय.

दादा : डोळे का लाल झालेत तुझे?

धाकटी : मागे मधमाश्यांच्या पेटीला कान लावून आले. पेटीतली जुनी राणी गेल्यापासून त्यांचा सूरच बदललाय. आधी गुणगुणायच्या, आता कण्हतात.

दादा : माश्या कण्हतात?

धाकटी : जा, तूही कान लाव. अंडी घालणारीच नाही म्हटल्यावर नवी माशी येणार कुठून? आहेत त्या म्हाताऱ्या होतील नि एकेक करून संपतील. महिना-दीड महिन्यात माझी पेटी म्हणजे नुसतं लाकूड.

दादा : मग दुसरी राणी मागवू. चारशेचीच तर आहे.

धाकटी : या दिवसांत राण्या कुणाकडे नसतात. सगळीकडे विचारून झालं. याच्याकडे ही एकच उरली होती.

दादा : हे तू मला आधी नाही सांगितलंस.

धाकटी : तू भांडणात रमला होतास. घे, फोन वाजतोय.

दादा : तोच आहे. राणीवाला. थांब, आवाज मोठा करतो, तूही ऐक. हॅलो, बोला.

राणीवाले : नमस्कार. राणी मी पाठवली होती. तुमच्या तीन तक्रारी आल्या.

दादा : चौथी लिहून तयार आहे.

राणीवाले : येऊ द्या. तुम्ही लिहिता छान. मला फक्त एक विचारायचं होतं. फोटोत त्या सगळ्या डबीच्या एकाच कोपऱ्यात आहेत, बरोबर?

दादा : गाडीत घरंगळल्या असतील.

राणीवाले : घरंगळलेल्या माश्या विखरून पडतात. या गोल करून आहेत. डबी आत्ता कुठे ठेवलीत?

धाकटी : स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

राणीवाले : गार दगडावर?

धाकटी : हो. मला वाटलं, आता काय.

राणीवाले : उचला आधी. मग मुठीत धरा. ऊब लागू द्या.

दादा : एक मिनिट. मेलेली माशी मुठीत धरून काय होणार?

राणीवाले : गारठलेली माशी मेल्यासारखीच दिसते. मलासुद्धा ओळखता येत नाही. ऊब दिल्यावरच कळतं.

दादा : हं. आणि ती ऊब देईस्तोवर संध्याकाळ होणार, तक्रारीची मुदत संपणार, बटण बंद. अहो, आम्ही पण धंदाच केलाय.

धाकटी : दादा.

दादा : तू मध्ये बोलू नकोस. ही वेळ काढायची युक्ती आहे. मी स्वतः वापरलीय. ‘उद्या मालक येतील, तेव्हा बघू.’

राणीवाले : तुमचं म्हणणं बरोबर आहे. एक क्षण थांबा.

दादा : थांबलोय.

राणीवाले : पाठवले. राणीचे आणि टपालाचे, दोन्ही. फोनमध्ये बघा.

धाकटी : आले का?

दादा : आलेत. सगळेच्या सगळे.

राणीवाले : आता तुमचं माझ्याकडे काही येणं नाही नि माझं तुमच्याकडे नाही. आता डबी हातात घ्याल?

धाकटी : माझे हात बर्फ झालेत, दादा. तूच धर. तुझे हात लहानपणापासून तव्यासारखे.

दादा : मी? मला माशी चावली की आठवडाभर सुजतं.

धाकटी : जाळी आहे मध्ये. धर.

(दादा काडेपेटीएवढी डबी दोन्ही तळव्यांत झाकून छातीशी धरतो.)

दादा : किती वेळ धरायचं?

राणीवाले : हात अवघडेपर्यंत. मग आणखी थोडं.

दादा : तोवर एक सांगा. नऊशे रुपये टपाल कुठे असतं हो? नाकापेक्षा मोती जड.

राणीवाले : ते रात्रीत पोचवायचे पैसे. शिवाय ‘आत जीव आहे, गारठ्यात ठेवू नये’ या चिठ्ठीचे वेगळे. त्यातला एक रुपया माझ्याकडे राहत नाही.

दादा : पण पाकीट तर दोन रात्री पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं. आणणारा पोरगा स्वतः म्हणाला.

राणीवाले : कळलं मला. मी भांडलो त्यांच्याशी. ते म्हणाले, पाकीट फाटलं का? नाही. पोचलं का? पोचलं. मग पैसे कसले परत?

दादा : म्हणजे माझे नऊशे तुम्ही पदरचे दिलेत?

राणीवाले : तुम्ही डबी घट्ट धरलीय ना?

धाकटी : धरलीय. बोलताना हात हलवायची सवय आहे त्याला, पण आत्ता हलवत नाहीये.

दादा : गप. जरा गप बसा दोघंही.

धाकटी : काय झालं?

दादा : काही नाही. भास असेल. तळव्याला गुदगुली झाल्यासारखं वाटलं.

राणीवाले : मूठ उघडू नका. अजून थोडं.

दादा : भास नाही. परत झालं. धाकटे, आत काहीतरी चालतंय गं. पिसासारखं.

राणीवाले : आता खिडकीशी जा. उजेडात मूठ हळूच उघडा आणि मला सांगा, कोण हलतंय?

धाकटी : एक माशी. लहान आहे, कामकरी. पाय झाडतेय. नीट उभंही राहता येत नाहीये तिला.

राणीवाले : आणि राणी? पाठीवर पांढरा ठिपका असेल.

धाकटी : ठिपका दिसत नाहीये. वर बाकीच्या पडल्यात.

दादा : थांब, ती निघाली. ती लहान. अगं, ही मेलेल्यांना बाजूला सारतेय. स्वतःला उभं राहता येईना नि ही ओढतेय बघ कशी. कुठे चाललीय ही?

राणीवाले : बघत राहा.

दादा : ठिपका. ठिपका दिसला. खाली होती, सगळ्यांच्या मधोमध.

धाकटी : लहान माशी तिच्या तोंडाशी गेली, दादा. भरवतेय तिला. जिभेला जीभ लावून.

दादा : स्वतः काही खाल्लं नाही हिने. डबीच्या तोंडाशी साखरेचा गोळा आहे, तो सोडून आधी हिच्याकडे आली. मी बघत होतो. आधी हिच्याकडे आली.

राणीवाले : राणीचा पाय हलला का?

धाकटी : मिशी हलली. आता पाय. दोन्ही पाय.

राणीवाले : हं. आता मी बसतो जरा. सकाळपासून उभाच होतो.

दादा : अहो, हे काय आहे?

राणीवाले : राणीला एकटीला खाता येत नाही. म्हणून सोबत आठ जणी देतो. वाट लांबली की पोटातलं तिला भरवतात. गारठा वाढला की तिला मध्ये घेऊन भोवती गोळा होतात. बाहेरच्या बाजूला असतात त्या आधी जातात. किती राहिल्या?

धाकटी : सहा गेल्या. दोघी आहेत. दुसरीही आता हलायला लागली.

दादा : आपल्या आईसाठी करतंच की कोणीही.

राणीवाले : आई नाही ती त्यांची.

दादा : म्हणजे?

राणीवाले : त्या दुसऱ्याच पेटीतल्या. राणी डबीत घातली, मग हाताला आल्या त्या आठ उचलून आत टाकल्या. त्याआधी एकमेकींना बघितलंही नव्हतं.

धाकटी : दादा, खाली बस. डबी इकडे दे.

दादा : पत्र्याच्या शेडमध्ये. अंधारात. बघायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. मी इथे नऊशे नऊशे करत बसलोय आणि आत हे चाललं होतं.

राणीवाले : मी चाळीस वर्षं राण्या पाठवतोय. डबी बंद करताना मला अजून दर वेळी हात जोडावेसे वाटतात.

दादा : पैसे परत कसे करायचे ते सांगा. मी शोधतोय, इथे परत मागायचं बटण आहे, परत द्यायचं दिसत नाही.

राणीवाले : नाहीच. कोणाला लागलं नसेल आजवर. राहू द्या.

दादा : राहू द्या कसं? सहा जणी गेल्या त्या प्रवासाचं टपाल मी फुकट घेऊ? थांबा. तुमच्या पानावर राणी अजून विकायला दिसतेय.

राणीवाले : काढायची राहिली. संपल्यात.

दादा : काढू नका. घेतली. चारशे अधिक नऊशे. सूचनेच्या रकान्यात लिहिलंय, ‘काही पाठवू नये.’

धाकटी : आता ते विचारतील, वस्तू मिळाली का म्हणून.

दादा : मिळाली. कशी मिळाली म्हणून विचारलं तर काय लिहायचं ते मात्र मला सुचत नाही.

राणीवाले : तुम्हाला सुचत नाही म्हणजे कमाल आहे. बाई, आता नीट ऐका. डबी तशीच पेटीत पोळ्याच्या दोन चौकटींच्या मध्ये ठेवा, साखरेचं तोंड वर करून. तुमच्या माश्या बाहेरून साखर कुरतडत येतील, तोवर त्यांना तिच्या वासाची सवय होईल. पण ठेवण्याआधी त्या दोघींना बाहेर काढा. बंद खिडकीशी, डबीच्या दुसऱ्या टोकाचं बूच काढून.

धाकटी : त्यांना का?

राणीवाले : पेटीतल्या त्यांना परक्या समजतील. मारतील.

दादा : आणि बाहेर काढल्यावर?

राणीवाले : आपल्या पेटीशिवाय माशी फार जगत नाही. एखादा दिवस. त्यांचं काम झालं, साहेब. ठेवतो. आवाज बदलला तर कळवा.

धाकटी : कळवते. दादा, काचेचा पेला दे उपडा घालायला. हळू. एक आली. ही दुसरी. राणी आतच आहे. मी मागे जाऊन येते.

दादा : जा. पडशील, सावकाश जा.

धाकटी : …दादा, ठेवली. जाळीवर नुसती झुंबड उडाली. चावत नाहीत, पंख हलवतायत. ऐकलास आवाज?

दादा : इथपर्यंत आला. गुणगुणल्या.

धाकटी : मला रडायलाच आलं. चल, जेवून घेऊ, ताट वाढते. पेल्याखाली काय घालतोयस?

दादा : साखरपाणी. बोटावर एक थेंब घेतलाय.

धाकटी : तुला चावली की सुजतं ना?

दादा : सुजू दे. तू बस जेवायला. यांनी अजून काही खाल्लेलं नाही.